बांबूचा ब्रश राहू द्या, आधी गिझर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रस्त्यावर भाड्याचा फ्लॅट, घरात चौघं: नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. पर्यावरण सांभाळून राहायची मनापासून इच्छा आहे, पण बांबूचे ब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ, ‘नैसर्गिक’ साबण आणि कंपोस्टचे रंगीत डबे यांच्या किमती बघून हे सगळे श्रीमंतांचे चोचले वाटायला लागलेत. भिंतीला खिळा ठोकलेला घरमालकाला चालत नाही. एकदाच दोन-तीन हजार काढता येतील, त्यापुढे नाही. मग रोजच्या सवयींमध्ये नेमकं काय बदलावं?

मी गेली १७ वर्षं पुण्यातल्या सोसायट्यांना वीज, पाणी आणि ओल्या कचऱ्याचे हिशेब लावून देते. त्या अनुभवावरून सांगते, ‘चोचले’ हा शब्द तुम्ही अगदी बरोबर वापरलात. बाजारात पर्यावरणाच्या नावाने जे विकलं जातं, त्यातलं बहुतेक तुम्हाला लागणारच नाही.

एक हिशेब बघा. प्लास्टिकचा दात घासायचा ब्रश १५-२० ग्रॅमचा. माणशी वर्षाला चार धरले तर ६०-८० ग्रॅम प्लास्टिक. आता न्हाणीघरात या. २० लिटरची एक बादली आंघोळीइतकी कोमट करायला साधारण अर्धं युनिट वीज लागते. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, त्यामुळे एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका बादलीमागे साडेतीनशे ग्रॅम. रोज. एका माणसाचा. प्लास्टिक आणि धूर एकाच तराजूत घालता येत नाहीत हे मलाही कळतं, पण आपलं लक्ष कुठे आहे आणि खर्च कुठे होतोय, एवढं यातून दिसतं. घरात जिथे काही तापतं तिथेच बिल वाढतं आणि नुकसानही तिथेच होतं. त्याच्या खालोखाल पाणी, मग ओला कचरा. खरेदी सगळ्यात शेवटी. मी त्याच क्रमाने लिहिते.

पहिला महिना काहीही विकत घेऊ नका, फक्त मोजा. दर रविवारी सकाळी विजेच्या मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. दूध-पेपरचे खाडे लिहितो ना, तसाच. सिलिंडर लावल्याची तारीखही तिथेच टाका. चार रविवारांत तुमचं घर आठवड्याला किती युनिट खातं ते कळेल, आणि पुढे केलेल्या कुठल्याही बदलाचा उपयोग झाला की नाही हे कुणाला विचारावं लागणार नाही.

याच महिन्यात एक छोटी चाचणी करा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. तो किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. घरगुती मीटरवर बऱ्याचदा ३२०० असतो. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा पाच मिनिटं बंद. बटणं मात्र रोज रात्री जशी ठेवता तशीच ठेवा, म्हणजे टीव्ही रिमोटने बंद, चार्जर भिंतीत खोचलेले. आता घड्याळ लावून मीटरपुढे उभ्या राहा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला एकदा दिवा लुकलुकला तर साधारण १९ वॅट जातायत. एका घरात मला मिनिटाला चार मिळाले होते: ७५ वॅट, म्हणजे दिवसाला १.८ युनिट, आणि घरात कुणी काहीच वापरत नसताना! दोन सेट-टॉप बॉक्स, राउटर, संगणकाचे स्पीकर आणि एक म्हातारा इन्व्हर्टर, असे तिथले चोर होते. सेट-टॉप बॉक्स रिमोटने ‘बंद’ केला तरी जवळजवळ चालू असल्याइतकीच वीज घेतो, हे लोकांना खरं वाटत नाही. हात लावून बघा, गरम असतो. १० वॅटचा बॉक्स वर्षभर भिंतीत चालू राहिला की ८७-८८ युनिट झाले. उपाय फुकट: भिंतीवरचं बटण. बटण कपाटामागे असेल तर दीडशे-दोनशे रुपयांचा बटणवाला एक्स्टेन्शन बोर्ड.

वाचवलेलं युनिट किती रुपयांचं, हे काढताना एकूण बिलाला युनिटांनी भागून सरासरी काढू नका. महावितरणचा दर टप्प्यांचा आहे: १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, आणि प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा चढा. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या टोकाचं, म्हणजे सगळ्यात महागाचं असतं. त्यावर बिलात दिसणारा वहन आकार, इंधन समायोजन आकार असेल तर तो, आणि १६ टक्के वीज शुल्क. हे सगळं धरून तुमचं शेवटचं युनिट केवढ्याला पडतं ते एकदा काढून त्याच कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढचे सगळे हिशेब त्या आकड्यावर होतील.

आता गिझर. चौघांच्या चार बादल्या म्हणजे दिवसाला दोन युनिट, महिन्याला ६०. पुण्यात हिवाळ्यात त्याहून जास्त, कारण नळाचं पाणीच गार असतं. आंघोळी बंद करा असं कुणीच सांगणार नाही. पण तीन गोष्टी करता येतात. गिझरच्या खाली किंवा बाजूला तापमानाची खुंटी असते, ती बहुतेक घरांत ६५-७० वर ठेवलेली असते. इतकं तापवायचं आणि मग त्यात गार पाणी ओतायचं! ती ५० च्या आसपास आणा. दुसरं, आंघोळी लागोपाठ उरका. सासूबाईंची सहाला, मुलीची सातला आणि तुमची नवाला असं झालं की टाकीतलं उरलेलं गरम पाणी तीनदा निवतं. (हे सांगायला सोपं आहे. माझ्याच घरी जमायला दोन वर्षं लागली.) तिसरं, शॉवर बदलायला सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, आपली बादली-तांब्याच उत्तम आहे. साधा शॉवर मिनिटाला १० लिटरच्या आसपास पाणी सोडतो. दोन मिनिटांत तुमची बादली संपली आणि अजून साबण लावायचाय.

तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर बंब असेल तर एक गोष्ट न चुकता करा. सकाळी गरम पाणी येईपर्यंत नळातून जे गार पाणी वाहतं, ते वरच्या मजल्यावर कमी आणि खालच्या मजल्यावर जास्त, कधी एक तर कधी दोन बादल्या असतं. बहुतेक घरांत ते मोरीत जातं. नळाखाली रिकामी बादली ठेवा, त्यात फरशी पुसून होते.

गॅस गिझर स्वस्तात पडतो म्हणून काही जण सुचवतील. बंद, लहान न्हाणीघरात तो लावू नका. त्यात तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं दगावलेली आहेत.

गिझरनंतर पंखा. जुना साधा छताचा पंखा ७०-७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा २८ ते ३५. बैठकीतला किंवा सासूबाईंच्या खोलीतला, दिवसाला १४ तास फिरणारा असेल तर वर्षाला १८० ते २४० युनिटांचा फरक पडतो. तुमच्या दोन-तीन हजारांतला सगळ्यात मोठा भाग मी इथेच घालेन. एकच पंखा, आणि जो सगळ्यात जास्त फिरतो तोच बदलायचा. वरच्या टप्प्याच्या दराने पैसे साधारण दीड वर्षात वसूल होतात. लावताना इलेक्ट्रिशियनला जुना रेग्युलेटर मधून काढून टाकायला सांगा, नाहीतर पंखा कुरकुरतो. छताचा हुक तोच राहतो, त्यामुळे घरमालकाला कळायचंही कारण नाही. दुसऱ्या खोलीतला पंखा असू द्या, फक्त त्याची पाती पुसत जा.

एसी असेल तर तो २४ वर ठेवा. एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज कमी लागते, असं सरकारचा ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. नसेल तर घेऊ नका, एवढंच म्हणेन. फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि दारात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट अलगद निघून आली तर रबर सैल झालंय; मेकॅनिक ते थोडक्यात बदलून देतो.

आता स्वयंपाकघर. इथे बायकांना शहाणपण शिकवायला पुरुष तज्ज्ञ फार उत्सुक असतात. मी २५ वर्षं रोज स्वयंपाक करते, त्यामुळे जे रोज जमतं तेवढंच सांगते.

कुकरच्या शिट्या मोजणं सोडा. शिटी म्हणजे गॅस जाळून तयार केलेली वाफ खिडकीबाहेर सोडून देणं. पहिली शिटी झाली की गॅस अगदी बारीक करा आणि घड्याळ बघा. भिजवलेल्या तूरडाळीला आठ-दहा मिनिटं पुरतात, आणि पुढची शिटी होतच नाही. आतलं तापमान एका शिटीला जेवढं तेवढंच पाचव्या शिटीलाही असतं, फक्त पाणी आटतं. डाळ अर्धा तास आधी भिजत घाला, छोले-हरभरे रात्री. एकाच कुकरात खाली वरण, मध्ये भात, वर बटाटे किंवा भोपळा. आपल्या आया हे डबे लावतच होत्या, मधल्या काळात आपण तीन वेगवेगळी भांडी वापरायला लागलो.

ज्योत पिवळी दिसत असेल, भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल तर बर्नरची भोकं बुजलीत. बर्नर सोडा आणि गरम पाण्यात भिजवून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा (बघा, प्लास्टिकचा ब्रश अजून कामाला येतोय). ज्योत भांड्याच्या कडेबाहेर आली की ती फक्त स्वयंपाकघर तापवते.

आणि दूध. पिशवीचं दूध कारखान्यातून पाश्चराइज होऊनच येतं. ते दिवसातून दोनदा, तिनदा उकळायची सवय घराघरांत आहे. साय हवी, तूप कढवायचं म्हणून एकदा तापवा. दुसऱ्यांदा फ्रिजमधून काढून तापवायचं कारण चहावाल्या पाहुण्यांपलीकडे मला सापडलेलं नाही. सासूबाईंशी यावरून भांडू मात्र नका, ते तितकंसं मोठं नाही.

भातासाठी एक युक्ती आहे, कुणी हसलं तर हसू द्या. जाड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात भाताला खळखळून उकळी आली की चार-पाच मिनिटांनी गॅस बंद करायचा, आणि भांडं जुन्या सुती गोधडीत चांगलं गुंडाळून डब्यात किंवा बादलीत ४० मिनिटं ठेवायचं. गोधडी उष्णता बाहेर जाऊ देत नाही, भात आपोआप शिजतो. मुगाची डाळ, दलिया, साबुदाण्याची खीर, सगळं होतं. दोन सूचना: गरम असतानाच खा, तासन्‌तास तसंच ठेवू नका; आणि राजमा असा शिजवू नका. राजम्यातलं विषारी द्रव्य जायला तो निदान १० मिनिटं खळखळून उकळावा लागतो, त्याला कुकरच बरा.

गॅस सोडून इंडक्शन घ्यावं का, हे मला हमखास विचारतात. १४.२ किलोचा एक सिलिंडर जेवढा स्वयंपाक करतो, तेवढ्यासाठी इंडक्शनला १२५ ते १३० युनिट लागतात. तुमच्या शेवटच्या युनिटाच्या दराने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. १०० युनिटांच्या वर गेलेल्या बहुतेक घरांना ते महाग पडतं. शिवाय ती वीज कोळशाची. सोसायटीच्या गच्चीवर सौरऊर्जा असेल आणि ती तुमच्या बिलात उतरत असेल तर गोष्ट वेगळी. भाडेकरूच्या बाबतीत तसं सहसा होत नाही.

उरलेल्या अन्नाबद्दल मराठी घराला मी काय सांगणार? फोडणीचा भात, फोडणीची पोळी, दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचं धिरडं, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत. हे सगळं आपल्याला येतं, फक्त ‘शिळं’ म्हणवून घ्यायची लाज वाटायला लागली. मुलीच्या डब्यात फोडणीची पोळी दिली तर मैत्रिणी तीच आधी संपवतात, हा माझा अनुभव. एकच नवी सवय सुचवते: फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरचा एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून ठेवा. अर्धा टोमॅटो, वाटीभर उसळ, कालचं वरण, सगळं तिथेच. मागच्या कोपऱ्यात सरकलेला डबा बुरशी धरल्यावरच सापडतो.

पाण्याकडे येऊ. तुमच्या भागाची गंमत अशी की खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर आणि सोसायटीच्या दारात टँकर. त्यामुळे आधी हे बघा की घरात येणारं पाणी महापालिकेचं आहे, बोअरचं आहे की टँकरचं. दोनशे-तीनशे रुपयांत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं मीटर मिळतं, सोसायटीत कुणाकडे तरी असतंच, मागून आणा. पिण्याच्या पाण्यात क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असलेले मानकाप्रमाणे चालतात. खडकवासल्याचं पाणी त्याच्या खूप खाली असतं. अशा पाण्याला आरओ लागत नाही. निर्जंतुक करायला यूव्ही फिल्टर पुरतो, किंवा उकळणं. साधा घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना तीनेक लिटर मोरीत सोडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ वापरू नये असं म्हटलं होतं, तरी विक्रेते लावतच असतात. माझ्याकडे एक आला होता. त्याने पाण्यात दोन तारा बुडवून वीज सोडली आणि पाणी तपकिरी झाल्यावर ‘बघा केवढी घाण’ म्हणाला. तो गंज त्याच्या तारांचा होता.

बोअर-टँकरचंच पाणी असेल आणि आकडा मोठा येत असेल तर आरओ ठेवा, पण त्याच्या टाकाऊ पाण्याची नळी बादलीत सोडा. ते संडासात ओतायला आणि फरशी पुसायला चांगलं. कुंड्यांना रोज घालू नका, क्षार साठून माती पांढरी पडते.

सिंकच्या आणि बेसिनच्या नळाला एरेटर लावा. ही पन्नास ते दीडशे रुपयांची जाळी नळाच्या तोंडाला फिरवून बसते आणि पाण्यात हवा मिसळते. धार तेवढीच वाटते, पाणी मात्र निम्म्यावर येतं. भांडी घासायला ताई येत असतील तर त्यांना एकदा विचारून लावा. अगदीच बारीक धारेची जाळी लावली तर त्यांचा वेळ जातो आणि दोन दिवसांत ती काढून ठेवलेली सापडते. संडासाची टाकी जुनी, १० लिटरची असेल तर तिच्यात पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली उभी करा. दर वेळी एक लिटर वाचलं. पाणी कमी पडून दोनदा ओढावं लागायला लागलं तर बाटली काढून टाका, उगाच हट्ट नको.

ओल्या कचऱ्याबद्दल मात्र मी लांबण लावणार आहे, कारण सगळ्यात जास्त लोक सोडून देतात ते इथेच.

हे करायचंच कशाला? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडला. तिथल्या लोकांनी त्याचा वास, माश्या आणि विहिरीचं काळं पाणी सोसलं. ढिगाखाली हवा न लागता ओला कचरा सडला की मिथेन तयार होतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापमान वाढवतो. तोच कचरा तुमच्या गॅलरीत हवेशीर कुजला की मिथेन जवळजवळ होतच नाही. चार माणसांच्या घरात दिवसाला किलोभर ओला कचरा निघतो. एका सवयीत एवढा परिणाम क्वचितच मिळतो.

हजार-दोन हजारांचा कंपोस्टचा संच घेऊ नका. रंगाच्या दुकानातून किंवा रंगाऱ्याकडून २० लिटरच्या दोन झाकणाच्या रिकाम्या बादल्या आणा, पन्नास-शंभरला मिळतात. बाजूने सगळीकडे आणि बुडाला पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडून घ्या. कोपऱ्यावरचा सुतार ड्रिलने दोन मिनिटांत पाडून देतो. खाली एक जुनं ताट. दुसरा माल फुकटचा: सुकी पानं. सोसायटी झाडणारे मामा रोज पोतंभर गोळा करतात आणि बऱ्याच ठिकाणी चक्क जाळतात. त्यांना सांगून ठेवा, दोन पोती भरून घ्या. ही भरती पानगळीत, फेब्रुवारी ते एप्रिल करायची. पावसाळ्यात कोरडं पान मिळत नाही, आणि पुण्यातली निम्मी कंपोस्टं जुलैत वास मारून बंद पडतात ती त्यामुळेच.

बुडाला चार बोटं पानं घाला. वर झाडाखालची मूठभर माती किंवा कुणाच्या तयार खताची मूठ, तेच विरजण. मग रोजच्या ओल्या कचऱ्यावर, दर वाटीमागे दीड वाटी चुरलेली पानं. बस. साली मोठ्या असतील तर चिरून टाका. आठवड्यातून दोनदा काठीने ढवळा, म्हणजे हवा लागते. नारळाची करवंटी, आंब्याची कोय आणि तेलकट रस्सा टाकू नका. शिळी पोळी-भात थोडा चालेल, रोज नाही. बादली भरल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी खाली बसलेली असते, त्यामुळे एक भरायला तीन-चार आठवडे लागतात. मग ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करायची. दुसरी भरेपर्यंत पहिलीतलं खत होत आलेलं असतं.

बिघडलं तर? मूठभर घेऊन पिळा. पाण्याचे एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर ओल जास्त: पानं वाढवा आणि एक दिवस झाकण उघडं ठेवा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही, ढवळा. डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे हिरवा माल फार, पानं कमी. मुंग्या झाल्या म्हणजे कोरडं पडलंय, तांब्याभर ताक-पाणी शिंपडा. आणि अळ्या. करड्या, चपट्या, जाडसर अळ्या दिसल्या की बहुतेकांचा प्रयोग संपतो. माझाही पहिला असाच संपला होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर दोन अळ्या पडल्या आणि पुढचे सहा महिने आमचं बोलणं बंद होतं. या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. किळस येत असेल तर वर चांगला जाड पानांचा थर द्या आणि बुडाखालचं ताट काठाचं ठेवा. मी तेव्हा ते ताट ठेवलं नव्हतं.

खत काळं, भुसभुशीत झालं आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यायला लागला की चाळून घ्या. सासूबाईंच्या तुळशीला मूठभर, बाकीचं सोसायटीच्या झाडांना. मला विचाराल तर घरातल्या मोठ्या माणसांना यात ओढायचा हाच रस्ता आहे. पर्यावरण म्हणून सांगाल तर त्या ऐकून घेतील; तुळस तरारली की कचरा स्वतः आणून टाकतील.

ज्या दिवसांत हे जमणार नाही तेव्हा निदान वेगळं करणं सोडू नका. पुण्यात घरोघरी कचरा घ्यायला येणाऱ्या ताई बहुतेक ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या असतात. तुम्ही एकत्र टाकलेला कचरा त्यांना हाताने निवडावा लागतो. दुधाची पिशवी कोपरा पूर्ण न तोडता कापा, विसळून वाळवा, मग सुक्यात टाका. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. जमत असेल तर मासिक पाळीचा कप वापरून बघा. तीन-चारशे रुपयांपासून मिळतो आणि कित्येक वर्षं टिकतो. महिन्याला १० पॅड धरले तर वर्षाला १२० कचऱ्यात जायचे थांबतात. पहिल्या दोन-तीन पाळ्या त्रासाच्या जातात, तेवढा वेळ द्या. नकोसा वाटला तर वाटला, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही.

संत्र्याच्या सालांचं बायो-एन्झाइम सध्या फार चालतं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. फरशी पुसायला बरं असतं. त्याने नदी शुद्ध होते वगैरे जे फिरतं, ते सोडून द्या. बाटलीचं झाकण पहिला महिना रोज सैल करा, नाहीतर स्फोट होऊन स्वयंपाकघराचं छत रंगतं.

उरली खरेदी. जे घरात आहे ते झिजेपर्यंत वापरा, प्लास्टिकचे डबेसुद्धा. ते फेकून काचेच्या बरण्या घेणं म्हणजे पैसे देऊन कचरा करणं. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यावर लोकांनी सुती पिशव्या विकत घेतल्या, आणि आता प्रत्येक घरात छापील मजकुराच्या तीस पिशव्या पडून आहेत. जुन्या परकराच्या किंवा साडीच्या चार पिशव्या शिवून घ्या आणि एक कायम पर्समध्ये, एक नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत ठेवा. पिशवी घरी विसरते हाच खरा प्रश्न असतो, पिशवी कशाची हा नव्हे. बोहारीण अजून तुमच्या भागात येत असेल तर तिला सोडू नका.

तुम्ही भाड्याने राहता, म्हणून एवढं शेवटी. पंखा बदललात की जुना वर्तमानपत्रात गुंडाळून, त्याचा रेग्युलेटर आणि स्क्रू एका पिशवीत घालून, माळ्यावर ठेवा. एरेटर लावताना नळाची मूळची जाळीही त्याच पिशवीत. गिझरची खुंटी आधी कितीवर होती ते कॅलेंडरवर लिहा. घर सोडताना पंखा आणि एरेटर तुमच्याबरोबर येतात, घरमालकाला त्याचं सगळं जिथल्या तिथे परत मिळतं. बादल्यांतलं अर्धवट खत मात्र टेम्पोत घालू नका. झाकण निघालं तर गादीवर सांडतं, आणि टेम्पोवाला जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते आदल्या रविवारी सोसायटीच्या एखाद्या झाडाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरा, रिकाम्या बादल्या विसळून न्या.